काळ्या खिडकीतले प्रोग्राम मेन्यूत कसे आणायचे

नागपूरच्या महाल भागात माझ्या एका मित्राचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कम्प्युटर दोन, दोन्ही म्हातारे. विंडोज १० चं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, ११ नंबरची विंडोज त्या मशिनींवर चढेना, म्हणून एका रविवारी बसून मी दोन्हींवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून दिलं. ब्राउझर चालला, प्रिंटर चालला, स्कॅनरने थोडा भाव खाल्ला पण तोही चालला. काउंटरवरचा पोरगा आठवड्याभरात रुळला.

अडलं फक्त फोटोपाशी. फॉर्म भरायला येणाऱ्याचा फोटो ५० केबीच्या आत बसवावा लागतो आणि मोबाइलवरून येतो तो तीन-चार एमबीचा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाइप करायच्या काळ्या खिडकीत, हे काम दोन ओळींत होतं. मी त्या ओळी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवल्या आणि विजयी मुद्रेने घरी आलो. चार दिवसांनी त्या पोराचा फोन. "दादा, ते काळ्या खिडकीत टाइप करायचं आपल्याच्यानं होऊन नाही राहिलं. गिऱ्हाईक समोर उभं राहते. मेन्यूत टाकून द्या ना बाप्पा."

मेन्यूत टाकून देणं म्हणजे एक आठ-नऊ ओळींची मजकुराची फाइल लिहिणं, बस. ती लिहायला दोन मिनिटं लागली. ती नीट चालायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या कशात गेल्या तेच इथे सांगायचं आहे.

वाचण्याआधी एक तडजोड मान्य करा. या लेखात सगळ्या कमांडी आणि फाइलींतले शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत, फोनवर त्या पोराला सांगितले तसेच. कळफलकावर ते इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनी बडवायचे. जिथे स्पेलिंगची शंका येईल तिथे अक्षरं सुटी करून देतो. आडव्या रेघा, ठिपके, बरोबरची चिन्हं मात्र दिसतात तशीच घ्या.

मेन्यू कुठून भरतो

लिनक्सच्या मेन्यूत दिसणारी प्रत्येक नोंद म्हणजे एक फाइल. तिच्या नावाचा शेवट .डेस्कटॉप असा असतो. प्रोग्राम इन्स्टॉल करताना ज्या फाइली येतात त्या /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स या फोल्डरात जातात. आपल्या एकट्याच्या खात्यासाठीच्या फाइली आपल्या होम फोल्डरात .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये राहतात. लोकल च्या आधीचा ठिपका म्हणजे लपलेला फोल्डर. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसायला लागतो.

या फाइलीचे नियम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवले आहेत, म्हणून लिनक्सचा डेस्कटॉप सिनॅमन असो, एक्सएफसीई असो, ग्नोम असो की केडीई, तीच फाइल सगळीकडे चालते. केडीईच्या पहिल्या आवृत्तीत हेच काम वेगळ्याच शेपटीच्या फाइली करायच्या. आज ती भानगड उरलेली नाही.

एकाच नावाची फाइल दोन्ही फोल्डरांत असेल तर आपल्या होममधली जिंकते. हे लक्षात ठेवा, पुष्कळ कामाचं आहे. आधीपासून असलेल्या एखाद्या नोंदीचं नाव किंवा चित्र बदलायचं असेल तर मूळ फाइलीला हात लावायचा नाही. ती होममध्ये कॉपी करायची आणि कॉपीत बदल करायचा. मूळ फाइल पुढच्या अपडेटला पुन्हा कोरी होऊन येते, आपली कॉपी तशीच राहते.

हे सगळं उंदीर फिरवून करायचीही सोय आहे. सिनॅमनमध्ये मेन्यूच्या बटणावर उजवी क्लिक करून कॉन्फिगरमध्ये गेलं की मेन्यू एडिटर सापडतो, केडीईत केमेन्यूएडिट आहे, इतरांसाठी मेनूलिब्रे नावाचा प्रोग्राम आहे. एकच नोंद करायची असेल तर खुशाल ते वापरा. मला हाताने लिहिलेली फाइल बरी वाटते, कारण ती पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या काउंटरवर नेता येते आणि बिघडली तर कुठल्या ओळीत बिघडली ते डोळ्यांना दिसतं.

पहिली नोंद: सोपी

सुरुवात अशा प्रोग्रामने करा जो उघडल्यावर उघडाच राहतो. माझा आवडता एनसीडीयू. कोणत्या फोल्डरने डिस्कवर किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावून दाखवतो, बाणांच्या कळांनी आत-बाहेर जाता येतं, क्यू दाबलं की बंद. दुकानात स्कॅन केलेल्या आधार कार्डांनी आणि मार्कशिटांनी डिस्क भरत असते, त्यामुळे त्याची गरज तशीही होती. टर्मिनल उघडून तो घ्या (सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने, एपीटी म्हणजे प्रोग्राम आणून बसवणारा):

सुडो एपीटी इन्स्टॉल एनसीडीयू

मग फोल्डर आहे याची खात्री करा. नसेल तर ही कमांड तयार करते, असेल तर गुपचूप बसते:

एमकेडीआयआर -पी ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स

आता साधा टेक्स्ट एडिटर उघडा. लिब्रेऑफिस नको, ते मजकुरासोबत आपलं सामानसुमान भरतं. पुढच्या ओळी लिहा आणि वरच्या फोल्डरात जागा.डेस्कटॉप या नावाने ठेवा. फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता.

[डेस्कटॉप एन्ट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=जागा कुठे गेली
कॉमेंट=कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली
एक्झेक=एनसीडीयू /होम/दुकान
आयकॉन=ड्राइव्ह-हार्डडिस्क
टर्मिनल=ट्रू
कॅटेगरीज=युटिलिटी;
कीवर्ड्स=डिस्क;जागा;

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचा प्रत्येक शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतो आणि लहान-मोठ्या अक्षराचा फरक इथे धरला जातो. चौकटी कंसातल्या डेस्कटॉपचा डी मोठा, एन्ट्रीचा ई मोठा. ट्रू मात्र सगळा लहान. एक्झेक म्हणजे ई-एक्स-ई-सी, पुढे काही नाही. मी पहिल्यांदा सवयीने शेवटी आणखी एक ई लावला होता आणि पंधरा मिनिटं स्वतःलाच शिव्या घातल्या. /होम/दुकान मधला "दुकान" हे त्या मशिनीवरच्या खात्याचं नाव. तुमचं जे असेल ते टाका.

फाइल सेव्ह केली की मेन्यू बहुतेक वेळा काही सेकंदांत आपणहून ताजा होतो. नाही झाला तर लॉगआउट करून परत या.

ओळींबद्दल थोडं. नेम मध्ये बिनधास्त मराठी लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये असली की झालं, आणि आजचे सगळे एडिटर तशीच ठेवतात. कम्प्युटर इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे वापरला जात असेल तर नेम मध्ये इंग्रजी नाव ठेवून खाली आणखी एक ओळ घालता येते: नेम, लगेच चौकटी कंसात एम-आर, मग बरोबर आणि मराठी नाव. भाषा मराठी निवडलेल्याला ते दिसतं, बाकीच्यांना पहिलं. आमच्या दुकानात कम्प्युटर इंग्रजीतच आहे, तरी नावं सरळ मराठीत ठेवली. माझं मत विचाराल तर नोंदीला प्रोग्रामचं नाव देऊच नये. एनसीडीयू म्हटल्यावर कोणाला काय कळणार? काम काय होतं ते लिहावं, त्या घरातले किंवा दुकानातले लोक बोलतात त्या शब्दांत.

त्यातून एक अडचण उभी राहते. मेन्यूच्या शोधपट्टीत पोरगं इंग्रजीतच टाइप करतं, आणि "जागा कुठे गेली" हे नाव त्याला सापडत नाही. त्यासाठीच कीवर्ड्सची ओळ. तिथे इंग्रजी अक्षरांत जे शब्द सुचतील ते टाका, प्रत्येकानंतर अर्धविराम. जे-ए-जी-ए टाइप केलं की नोंद वर येते.

कॅटेगरीज मधल्या शब्दावरून नोंद मेन्यूच्या कोणत्या कप्प्यात जाईल ते ठरतं. हे शब्द मनाने घ्यायचे नाहीत, यादी ठरलेली आहे: युटिलिटी, ऑफिस, नेटवर्क, ग्राफिक्स, सिस्टम, एज्युकेशन, गेम, डेव्हलपमेंट वगैरे. युटिलिटी म्हटलं की मिंटमध्ये नोंद ॲक्सेसरीजखाली जाते. शेवटचा अर्धविराम विसरू नका.

आयकॉनसाठी चित्राचं नुसतं नाव दिलं तर ते चालू थीममधून उचललं जातं. स्वतःचं चित्र असेल तर त्याचा पूर्ण पत्ता द्या. काउंटरवर घाईत माणूस नाव वाचत नाही, चित्र बघतो, म्हणून दोन नोंदींना एकच चित्र देऊ नका.

उघडतं आणि लगेच बंद होतं

दुसरी नोंद मी गंमत म्हणून केली. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन सांगायची गरज नाही, पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी महालातल्या गल्ल्या कर्फ्यू लागल्यासारख्या ओस पडतात. टर्मिनलमध्ये हवामान दाखवणारी एक सेवा आहे, पत्ता डब्ल्यूटीटीआर.इन. कर्ल या प्रोग्रामला तो पत्ता आणि पुढे शहराचं नाव दिलं की ढगांच्या चित्रांसकट तापमान येतं. मी एक्झेक मध्ये लिहिलं:

एक्झेक=कर्ल डब्ल्यूटीटीआर.इन/नागपूर

संध्याकाळी फोन. "दादा, हे उघडून राहिलं अन् लगेच बंद होऊन राहिलं."

तो बरोबर बोलत होता आणि कम्प्युटरचंही बरोबर होतं. टर्मिनल=ट्रू म्हणजे "टर्मिनल उघड आणि त्यात हा प्रोग्राम चालव" एवढंच. प्रोग्राम संपला की टर्मिनलचंही काम संपलं, खिडकी मिटते. एनसीडीयू क्यू दाबेपर्यंत बसून राहतो म्हणून तिथे हे कळलं नाही. कर्ल दोन सेकंदांत उत्तर छापून मोकळा होतो.

पहिली सुचते ती युक्ती म्हणजे त्याच ओळीत पुढे "आणि मग एन्टरची वाट बघ" असं जोडणं. टर्मिनलमध्ये आपण अर्धविराम टाकून दोन कमांडी एकापुढे एक लिहितोच की. इथे ते चालत नाही, कारण या फाइलीमागे शेल नसतो.

टर्मिनलमध्ये आपण टाइप करतो तेव्हा मध्ये बॅश नावाचा दुभाष्या, म्हणजेच शेल, बसलेला असतो. ~ म्हणजे होम फोल्डर, अर्धविराम म्हणजे पुढची कमांड, * म्हणजे सगळ्या फाइली, हे सगळं तोच समजून घेतो. मेन्यू एक्झेकची ओळ स्वतः वाचतो. पहिला शब्द प्रोग्राम, उरलेले त्याला दिलेले शब्द, संपलं. म्हणून ~/काहीतरी लिहिलं तर तो खरंच ~ नावाचा फोल्डर शोधायला जातो. दोन अँड लावून जोडलेल्या कमांडी चालत नाहीत. तुमच्या .बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलीतली टोपणनावं त्याला माहीत नसतात. एकेरी अवतरणचिन्हांना अर्थ नसतो, फक्त दुहेरी चालतात. आणि टक्क्याचं चिन्ह त्याच्यासाठी राखीव असतं: तारीख दाखवायला डेट +%डी लिहिलंत तर ते %डी तो गिळून टाकतो. खरोखर टक्का हवा असेल तर दोनदा लिहावा लागतो.

हे सगळं त्या एका ओळीत बसवायच्या खटपटी लोक करतात. बॅश -सी आणि पुढे दुहेरी अवतरणात अख्खं रामायण. चालतं तेही. पण उलट्या तिरप्या रेघांची अशी खिचडी होते की महिन्याने स्वतःलाच वाचता येत नाही. मी सरळ दुसरी वाट घेतो: काम एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडींच्या फाइलीत, लिहायचं आणि मेन्यूच्या फाइलीत फक्त त्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा. स्क्रिप्टच्या आत बॅश असतो, त्यामुळे ~ पासून अर्धविरामापर्यंत सगळं परत कळायला लागतं.

स्क्रिप्ट ठेवायला होममध्ये .लोकल/बिन फोल्डर करा. त्यात ऊन या नावाची फाइल, म्हणजे यू-एन:

#!/बिन/बॅश
कर्ल "डब्ल्यूटीटीआर.इन/नागपूर?०"
रीड

पहिली ओळ सांगते की ही फाइल बॅशने वाचायची. शेवटची रीड, आर-ई-ए-डी, एन्टर दाबेपर्यंत थांबून राहते. खिडकी मिटण्याचा प्रश्न तिथेच सुटला. पत्त्यामागचं प्रश्नचिन्ह आणि शून्य मुद्दाम आहे. त्याशिवाय तीन दिवसांचा रुंद तक्ता येतो, लहान खिडकीत ओळी मोडतात आणि ढग जमिनीवर पडतात. शून्य दिलं की फक्त आत्ताचं हवामान. प्रश्नचिन्हाला बॅशमध्ये वेगळा अर्थ असल्याने पत्ता अवतरणात.

फाइलीला चालण्याची परवानगी द्या:

सीएचमॉड +एक्स ~/.लोकल/बिन/ऊन

आणि मेन्यूच्या फाइलीत पूर्ण पत्ता, मुळापासून:

एक्झेक=/होम/दुकान/.लोकल/बिन/ऊन

नुसतं "ऊन" लिहूनही कधी कधी चालतं. पण .लोकल/बिन हा फोल्डर प्रोग्राम शोधण्याच्या वाटेवर येतो तो लॉगिन होताना, आणि तेव्हा तो अस्तित्वात असेल तरच. आत्ता फोल्डर केला आणि आत्ता नोंद केली तर मेन्यूला तो माहीत नसतो. पूर्ण पत्ता दिला की वादच नाही. या नोंदीला मी वेदर-क्लिअर हे चित्र दिलं, सूर्य येतो. आमच्याकडे नऊ महिने तेच खरं.

स्क्रिप्ट लिहायची नसेल तर आणखी एक पळवाट आहे. काही टर्मिनलांना "प्रोग्राम संपला तरी मिटू नको" असं सांगता येतं. एक्सएफसीईच्या टर्मिनलला आणि केडीईच्या कन्सोलला --होल्ड हा शब्द कळतो. मग टर्मिनल=फॉल्स करायचं आणि एक्झेक मध्ये टर्मिनलच स्वतः चालवायचं, उदाहरणार्थ कन्सोल --होल्ड -ई आणि पुढे कमांड. ग्नोम टर्मिनलला मात्र असा शब्द नाही, आणि दुसऱ्या कम्प्युटरवर वेगळं टर्मिनल असलं की फाइल निकामी. म्हणून रीडच बरी.

नोंद मेन्यूत दिसतच नाही तेव्हा

यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण चूक झाली की मेन्यू तक्रार करत नाही, नोंद गाळून टाकतो. सिनॅमन आणि ग्नोममध्ये एक्झेकचा पहिला शब्द सापडला नाही, किंवा सापडला पण त्याला चालण्याची परवानगी नसली, तर ती नोंद जणू नाहीच. सीएचमॉड विसरलात तरी हेच. मी पहिल्यांदा फाइलच चुकीच्या जागी ठेवली असं समजून फोल्डर उलटेपालटे करत बसलो होतो. ऊन च्या जागी एक अक्षर जास्त पडलं होतं एवढंच.

तपासायला दोन हत्यारं पुरतात. एक डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट, तिन्ही शब्द मध्ये आडव्या रेघा देऊन. पुढे फाइलीचा पत्ता द्या. लिहिण्यातली चूक असेल तर ओळ दाखवतो, सगळं ठीक असेल तर काहीच बोलत नाही. तो नसेल तर डेस्कटॉप-फाइल-युटिल्स हे पॅकेज घ्या. पण हा फक्त व्याकरण तपासतो, पत्त्यावर माणूस राहतो की नाही ते नाही. त्यासाठी दुसरं: जीटीके-लाँच आणि पुढे फाइलीचं नाव. हा ती नोंद मेन्यूतून चालवल्यासारखी चालवतो आणि चूक असेल तर तुमच्यासमोर बोलून दाखवतो.

नोंद दिसते, क्लिक केल्यावर काहीच होत नाही, असं असेल तर टर्मिनल कोणतं उघडायचं हेच ठरलेलं नसण्याची शक्यता असते. मिंटमध्ये सेटिंग्जमधल्या प्रेफर्ड ॲप्लिकेशन्समध्ये टर्मिनल निवडता येतं, एक्सएफसीईत डिफॉल्ट ॲप्लिकेशन्समध्ये. ग्नोमवर अडलं तर टर्मिनल=फॉल्स करून एक्झेक मध्ये ग्नोम-टर्मिनल, मग सुट्या दोन आडव्या रेघा, मग स्क्रिप्टचा पत्ता असं लिहा.

फाइल डेस्कटॉपवर ठेवायचा मोह होतो. तिथे वेगळे नियम लागतात: फाइलीला चालण्याची परवानगी द्यावी लागते, आणि उबुंटू या लिनक्समध्ये उजवी क्लिक करून अलाऊ लाँचिंग असं सांगावं लागतं. मेन्यूच्या फोल्डरातल्या फाइलींना यातलं काही लागत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते

फोटो. होममध्ये दोन फोल्डर केले: आलेले आणि तयार. गिऱ्हाइकाचा फोटो ब्राउझरमधून आलेले मध्ये उतरवायचा, मेन्यूतली नोंद दाबायची, तयार मधून उचलून फॉर्मला लावायचा. दोन प्रोग्राम लागतात, इमेजमॅजिक आणि जेपेगऑप्टिम. दोन्ही एपीटीने येतात, पॅकेजांची नावं हीच. जेपेग म्हणजे जे-पी-ई-जी, ऑप्टिम म्हणजे ओ-पी-टी-आय-एम, सलग लिहायचं. स्क्रिप्ट अशी:

#!/बिन/बॅश
सीडी "$होम/आलेले" || एक्झिट
सीपी * "$होम/तयार/" || एक्झिट
सीडी "$होम/तयार" || एक्झिट
मॉग्रिफाय -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ '६००एक्स६००>' *
जेपेगऑप्टिम --साइझ=४८ *
रीड

डॉलरपुढचा होम सगळा मोठ्या लिपीत. मॉग्रिफाय हा इमेजमॅजिकचाच भाग, एम-ओ-जी-आर-आय-एफ-वाय. ६००एक्स६०० मधला एक्स म्हणजे एकटं लहान एक्स अक्षर.

उभ्या दोन रेघा आणि एक्झिट याला टाळू नका. मॉग्रिफाय मूळ फाइलच बदलतो, नवी करत नाही. समजा तयार हा फोल्डर कोणी चुकून उडवला आणि ती अट नसेल, तर स्क्रिप्ट आलेले मध्येच थांबून तिथले मूळ फोटो बारीक करेल. गिऱ्हाईक बाहेर गेलेलं, मूळ फोटो गेलेला. एक्झिटमुळे फोल्डर सापडला नाही की सगळं जिथल्या तिथे थांबतं.

ऑटो-ओरिएंट मोबाइलच्या आडव्या पडलेल्या फोटोंना उभं करतो. रिसाइझमधलं > चिन्ह सांगतं की मोठा असेल तरच लहान कर. ते नसेल तर छोटा फोटो ताणून फुगवला जातो. बॅशला > म्हणजे "फाइलीत लिही" असं वाटतं, म्हणून अवतरणात. इथे एकेरी चालतं, कारण इथे बॅश आहे. आधी रिसाइझ का, तर जेपेगऑप्टिम फोटोची लांबी-रुंदी बदलत नाही, दर्जा उतरवतो. चार एमबीचा फोटो थेट ५० केबीत कोंबायला लावला तर चेहऱ्याचे चौकोन होतात. आणि ५० ऐवजी ४८ अशासाठी की तो त्या आकड्याच्या जवळ जायचा प्रयत्न करतो, आणि फॉर्मवाल्या साइटशी दोन-चार बाइटांवरून कोण भांडत बसेल.

मेन्यूची फाइल आता पाठ झाली असेल: नेम=फोटो ५० केबीत, एक्झेक मध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, टर्मिनल=ट्रू, कॅटेगरीज=ग्राफिक्स; टर्मिनल मुद्दाम उघडं ठेवलं आहे. जेपेगऑप्टिम प्रत्येक फाइलीचा आधीचा आणि नंतरचा आकार छापतो, आणि पोराला ते आकडे बघायला आवडतात.

फाइल मॅनेजरमधूनच उजवी क्लिक करून एखादा फोटो स्क्रिप्टला द्यायचा असेल तर एक्झेकच्या शेवटी %एफ लावतात, मोठ्या लिपीतला एफ म्हणजे अनेक फाइली, लहान म्हणजे एकच. सोबत माइमटाइप=इमेज/जेपेग; ही ओळ, आणि अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ही कमांड त्या फोल्डरावर एकदा. मग स्क्रिप्टमध्ये * च्या जागी अवतरणात $@. हे मी करून पाहिलं आणि काढून टाकलं. उजवी क्लिक, ओपन विथ, यादी, निवड. घाईत चार पायऱ्या म्हणजे फार. दोन फोल्डर आणि एक नोंद हेच टिकलं. रात्री दोन्ही फोल्डर रिकामे करायचे, कारण दुसऱ्याचे फोटो आपल्या मशिनीवर पडून राहू नयेत.

खिडकी नकोच असेल तर

कधी कधी टर्मिनल दाखवण्यात अर्थ नसतो. त्यात मराठी मजकुराचे हालही होतात. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं नीट बसत नाहीत, वेलांटी एका बाजूला आणि अक्षर दुसऱ्या. अशा वेळी टर्मिनल=फॉल्स ठेवून स्क्रिप्टमधून झेनिटी वापरा. झेड-ई-एन-आय-टी-वाय. ती साध्या खिडक्या उघडते, मराठी सुरेख दाखवते, आणि हो-नाही विचारूही शकते.

याचा उपयोग पोरानेच शोधला. त्याला रात्री दोन क्लिकमध्ये कम्प्युटर बंद करायचा होता, म्हणून त्याने ऊन ची फाइल कॉपी करून स्वतः एक नोंद केली: नेम=दुकान बंद, चित्र सिस्टम-शटडाउन, एक्झेक=सिस्टमसीटीएल पॉवरऑफ. पहिलीच नोंद बरोबर चालली. इतकी बरोबर, की दुसऱ्या दिवशी भर दुपारी, अर्धा फॉर्म भरलेला असताना हात चुकीच्या ओळीवर पडला आणि मशीन बंद. एक्झेकच्या ओळीत "आधी विचार" असं जोडायला शेल नाही, तेव्हा इथेही स्क्रिप्टच:

#!/बिन/बॅश
झेनिटी --क्वेश्चन --टेक्स्ट="खरंच बंद करू?" && सिस्टमसीटीएल पॉवरऑफ

हो म्हटलं तरच दोन अँडच्या पुढचं चालतं. क्वेश्चनचं स्पेलिंग शाळेतलं.

दुसऱ्या काउंटरवर

सगळं जमल्यावर हे दुसऱ्या मशिनीवर न्यायचं होतं. तिथलं खातं वेगळ्या नावाचं, म्हणजे /होम/दुकान असलेला प्रत्येक पत्ता खोटा ठरणार. स्क्रिप्टमध्ये $होम वापरलं होतं म्हणून त्या वाचल्या. मेन्यूच्या फाइलींत ते चालत नाही. शेवटी स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आणि .डेस्कटॉप फाइली /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये सुडो लावून कॉपी केल्या, हे फोल्डर नसतील तर तयार करून. एक्झेक मध्ये /यूएसआर/लोकल/बिन/ऊन असा पत्ता, जो कुठल्याही खात्यातून खरा असतो. जागा कुठे गेली या नोंदीत मात्र एनसीडीयूपुढे थेट /होम दिलं. स्क्रिप्टची परवानगी पुन्हा द्यावी लागली, कारण बहुतेक पेनड्राइव्ह ज्या फॉरमॅटमध्ये असतात त्यात लिनक्सच्या परवानग्या राहत नाहीत.

पहिल्या मशिनीवरच्या होममधल्या जुन्या फाइली काढायला मी विसरलो होतो. त्या जिंकत राहिल्या. दुसऱ्या काउंटरवर "दुकान बंद" विचारून बंद व्हायचं आणि पहिल्यावर न विचारता, आणि कारण सापडायला आणखी एक दुपार गेली.